अकराव्या धड्याचा खालचा आवाज

मनोहर,

तू गेल्याचं मंडळाच्या ग्रुपवर आलं, तेव्हा तुझ्या फोटोखाली काय लिहिलं होतं माहीत आहे? 'मृदुभाषी आणि सर्वांशी जुळवून घेणारे.' मी इतका चिडलो की फोन उपडा घालून ठेवला. तू आणि मृदुभाषी? तुझ्या एका 'अरे ए'ने हावड्याच्या कारखान्यात चालू मशीन थांबायचं, असं शैलावहिनीच सांगतात. आणि जुळवून घेणं! आपण दोघं म्हातारे इतकी वर्षं दर बुधवारी बागबाजारला जाऊन नेमकं काय शिकत होतो? एकमेकांशी जुळवून न घ्यायला. आणि तेही आपल्याला शेवटपर्यंत जमलं नाही.

तुझा जन्म कुठला, शिक्षण कुठलं, मागे कोण कोण आहे, ते सगळं त्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांसकट आलेलं आहे. मी त्यातलं काही लिहिणार नाही. माझं तुझ्याशी एक भांडण अर्धवट राहिलंय. ते मिटण्याची आता काही सोय उरलेली नाही, हे मला कळतं. तरी मी भांडणार आहे, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नाही.

सुरुवात आरतीपासून झाली. कोलकात्यात आपली मराठी माणसं ती किती. बँकांत आणि सरकारी खात्यांत बदलून आलेले, आणि आता सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपन्यांतली पोरं. गणपतीत आरतीला आवाज लावणारे आपण दोघंच. मी बँकेतून निवृत्त होऊन सॉल्ट लेकलाच राहिलेला, तू नदीपलीकडे कारखान्यात जन्म काढलेला. मी आपला सगळ्यांना झेपेल अशी पट्टी धरायचो. दुसऱ्या कडव्याला तू ती वर ओढायचास, की मी खाली खेचायचो, की तू आणखी वर. एका वर्षी तू काळी चारला जाऊन पोचलास आणि बाकी सगळा मांडव गप्प झाला. वरती एकटा तू आणि खाली चिरडीला आलेला मी. प्रसाद वाटताना वहिनी म्हणाल्या, "तुम्हा दोघांना कुणाकडे तरी एकत्र गायला शिकायला पाठवायला हवं." त्या बिचाऱ्या चेष्टेने म्हणाल्या होत्या. तू मनावर घेतलंस.

तुझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मावशी बागबाजारला राहायची. तिने मिशनच्या शाळेत आयुष्यभर गाणं शिकवलेलं, आता घरीच असते, एवढीच माहिती घेऊन आपण निघालो. तू हावड्याहून लाँचने बागबाजारच्या घाटाला उतरलास, मी उल्टाडांग्यावरून रिक्षा बदलत पोचलो. दार उघडल्यावर तू आपण मराठी असल्याचं सांगितलंस आणि त्या बाई हसत आतल्या मोलकरणीला ओरडल्या, "ओ मा! बोर्गी एशे गेछे!" बोर्गी म्हणजे लुटीला येणारे मराठे स्वार. ते चाल करून येतात म्हणून या शहराने कधीकाळी याच बागबाजारपासून खंदक खणायला घेतला होता. त्या खंदकाच्या तोंडाशी आपण दोघं छत्र्या झटकत उभे होतो. तेव्हापासून आपण त्यांचे 'दुइ बोर्गी' आणि त्या आपल्या दिदिमोनी, म्हणजे शाळेतल्या बाई.

त्यांनी पुढे ठेवलेलं पुस्तक तुला आठवत असेलच. पानं सुटलेली, दोऱ्याने बांधलेली. दोन आवाजांसाठी छोटे छोटे धडे, सगळे जर्मनमध्ये. तू विचारलंस, हिंदी नाही का, बांगला तरी? दिदिमोनी त्यांच्या त्या गोल हिंदीत म्हणाल्या, "शब्द समझेगा तो शब्द गाएगा. नहीं समझेगा तो सुर में ध्यान रहेगा." आणि मग चहाचा कप पुढे सरकवत म्हणाल्या, "और दूसरा किताब हमारे पास है भी नहीं."

तुला मात्र जर्मन येत होतं म्हणे. तुमच्या कारखान्यात एक जुनं जर्मन मशीन होतं, त्याच्या पाट्यांवरून तू ती भाषा शिकलेला. आउफ् म्हणजे उघडा, त्सू म्हणजे बंद, शिवाय डावीकडे, उजवीकडे आणि सावधान. एवढ्या भांडवलावर तू प्रत्येक धड्याचा अर्थ सांगायचास. चौथा धडा तुझ्या मते पट्टा बदलण्याबद्दल होता. अकरावा, आपल्याला कधीच पुरा न आलेला, तो तेलाची गळती थांबवण्याबद्दल. फोनवर शोधलं तर खरा अर्थ आत्ता दोन मिनिटांत कळेल. मला तो नको आहे. माझ्यापुरतं ते गाणं गळतीचंच आहे.

पहिल्या दिवशीची आपली चूक आठवली की मला अजून हसू येतं, आणि हसू आलं की मग पुढचं काही करवत नाही. दिदिमोनींनी तुला वरचा आवाज दिला, मला खालचा. दोघांच्या ओळी वेगळ्या, दोघांनी एकाच वेळी म्हणायच्या. आपण सुरू केलं आणि तिसऱ्या ओळीपर्यंत दोघंही एकाच सुरावर येऊन बसलो. आपल्याकडे मिळून गायचं म्हणजे एकच गायचं. भजन असो, आरती असो, दहा माणसांनी मिळून एक आवाज करायचा, हेच आपण जन्मभर करत आलेलो. त्यामुळे सूर एक झाल्याबरोबर आपल्याला वाटलं, जमलं! तू मला हाताने दाद दिलीस. शेवट झाल्यावर भरात येऊन तू 'मंगलमूर्ती' म्हणालास आणि मीही सवयीने 'मोरया' म्हणून मोकळा झालो. दिदिमोनींनी पियानोचं झाकण आपटलं. "आबार," म्हणाल्या. पुन्हा. तो शब्द पुढे आपण किती ऐकला!

मग त्यांनी दाराचा उपाय काढला. त्यांच्या घरात मधे अरुंद बोळ, बोळात पियानो, आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन खोल्या. "दोरजा बोंधो," त्या म्हणाल्या. डावीकडच्या खोलीत मी, कपाटं आणि गाद्यांच्या ढिगाबरोबर. उजवीकडच्या खोलीत तू, तिला नदीकडची खिडकी. दोन्ही दारं लावून घ्यायची. मधे बसून त्या पियानोवर सुरुवातीचा सूर देणार आणि आपण आपापल्या खोलीत आपापली ओळ म्हणायची. दुसऱ्याचं ऐकूच यायला नको. तू दार लावताना दर वेळी कारखान्यातल्यासारखं 'त्सू!' म्हणून ओरडायचास. आणि गाणं संपलं, की दिदिमोनी काही बोलायच्या आत तुझ्या खोलीतून 'आउफ्!' यायचं आणि दमट हवेने फुगलेलं ते दार तू खांद्याने ढकलून उघडायचास. दिदिमोनी आधी वैतागायच्या. नंतर नंतर तुझं आउफ् आल्याशिवाय त्या पान उलटेनाशा झाल्या.

दारं बंद असली की आपण दोघंही अचूक म्हणायचो. मग त्यांनी दारं बोटभर उघडी ठेवायला लावली, मग वीतभर, मग अर्धी. अर्ध्या दारापर्यंत बाकीचे धडे ठीक आले. अकराव्याचं मात्र अर्ध्या दारालाच घोडं अडलं. मधल्या त्या लांब ओळीला, जिथे माझा आवाज एका जागी थांबतो आणि तुझा वर फिरून येतो, तिथे आपण हमखास एकमेकांवर जाऊन आदळायचो.

आणि तिथूनच ते भांडण. शिकवणी संपली की घाटावर मातीच्या भांड्यातून चहा घ्यायचा आणि तुझी लाँच येईपर्यंत भांडायचं.

"तू वर आलास," तू म्हणायचास.

"मी कशाला वर येतो? तूच धपकन खाली पडलास."

"अरे, मला वरची जागा दिलीय. मी खाली कशाला येईन?"

"भ्यायला होत असेल वर."

"मी भितो? आरतीला कोण गळा धरून बसायचं?"

चहावाला पहिल्या पहिल्यांदा घाबरायचा. नंतर तो आपल्याला बघितलं की भांडायला जागा करून द्यायचा. आपण एकदा दिदिमोनींनाच विचारलं, मधे तुम्ही बसता, तुम्हाला तर कळत असेल ना, घसरतं कोण? त्या गालात हसल्या. "जिस दिन पूरा होगा, उस दिन बताएगा." त्यानंतर तू प्रत्येक बुधवारी जिना चढताना म्हणायचास, "आज तुझी पोलखोल."

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती आता सांगतो. माझा आवाज म्हणजे मला जन्मभर कमतरताच वाटत आली. वर जात नाही, पोचत नाही, असा आवाज. आरतीला तू वर गेलास की मला हरल्यासारखं व्हायचं, म्हणून मी इतका खवळायचो. दिदिमोनींकडे पहिल्यांदा मला असं काहीतरी मिळालं, जे मुळात खालीच होतं आणि तिथेच असायला हवं होतं. एकदा घाटाकडे चालताना तू सहज म्हणालास, "तू तिथे खाली उभा असतोस ना, म्हणून मला वर हुंदडता येतं." आणि लगेच, "म्हणून डोक्यावर बसू नकोस." मी काहीतरी वेडंवाकडं उत्तर दिलं. त्या रात्री घरी जाऊन बायकोला तीनदा ते वाक्य ऐकवलं. तुझे आभार मानायचे राहिले, मनोहर. आता हे कागदावर मानून कुणाला पोचतात?

त्या बुधवारी मी घाटावर वेळेवर आलो होतो. एक लाँच आली, तू नाहीस. दुसरी आली. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाला मी म्हणालो, आज येऊ दे त्याला, बघतोच. मनात तुझ्यासाठी एकेक शेलकी शिवी जमवत होतो. आदल्या बुधवारी तू म्हणाला होतास, "पुढच्या वेळी पूर्ण दार उघडून म्हणू. तू फक्त जागचा हलू नकोस." म्हणून तर मी जास्तच चिडलो होतो, की आजच्या दिवशीसुद्धा याला उशीर. तिसरी लाँच धक्क्याला लागत असताना वहिनींचा फोन आला. "भावजी, हे आंघोळ करून आले आणि नुसते खुर्चीत बसले..." लाँचमधून माणसं उतरून माझ्या दोन्ही बाजूंनी जात होती. मी त्याच लाँचने उलट हावड्याला आलो. नदी ओलांडायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तुझ्यासाठी जमवलेल्या त्या शिव्यांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

तुझं सगळं आटोपल्यावर मी एका दुपारी वहिनींना भेटायला गेलो. तुझी मुलगी आत कुणाशी तरी फोनवर हिंदीत बोलत होती. वहिनींनी मला स्वयंपाकघरातच बसवून चहा ठेवला. म्हणाल्या, "भावजी, ते जर्मन गाणं मला म्हणून दाखवाल? हे रोज दाढी करताना म्हणायचे. तेवढंच एकदा कानावर पडू दे."

मी सांगायला हवं होतं की त्यात माझा खालचा आवाज आहे. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणवेना. मी घसा साफ केला आणि अकरावा धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटला. एकही सूर चुकला नाही. वहिनी ऐकत होत्या. मधेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. संपल्यावर त्या अगदी संकोचून म्हणाल्या, "हे ते नाही हो, भावजी."

"तेच आहे, वहिनी."

"नाही. मी इतकी वर्षं ऐकलंय. हे काहीतरी दुसरं आहे."

मनोहर, त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी घरात वरचाच आवाज ऐकला होता. आमच्या घरी बायकोने खालचाच. दोन्ही मिळून ते गाणं या जगात फक्त दिदिमोनींनी ऐकलं, तेही बंद दारांआडून; दारं उघडी ठेवून धडपणे कधी नाहीच. मी जे इतकी वर्षं शिकलो ते तुझ्या घरात कुणाला ओळखूसुद्धा येत नाही. ती नुसती थांबत थांबत चालणारी ओळ आहे, तिला चाल म्हणावं असं काही नाही.

मग वहिनींनी स्वतःच ते गुणगुणायला घेतलं. शब्द सगळे चुकीचे, पण सूर तुझे. अगदी तुझे, तो मधला हेल सुद्धा. मला वाटलं, आता खालून माझी ओळ धरावी, म्हणजे त्यांना निदान एकदा पुरं गाणं ऐकू येईल. मी सुरू केलं. आणि त्या लांब ओळीला मी सरळ त्यांच्या सुरावर जाऊन पडलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. वहिनींना वाटलं आपण छान एका सुरात गातोय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मला म्हणाल्या, "हे बघा, हेच ते." मी मान हलवली. चहा गार झाला होता, तोच पिऊन निघालो.

म्हणजे इतकी वर्षं मीच घसरत होतो का? लाँचमध्ये, रिक्षात, घरी, सगळीकडे हेच डोक्यात. तू असतास तर नाचला असतास. खरं सांगतो, तू नाचला असतास तर मी कबूलही केलं असतं. पण तू खाली येत होतास असंही असू शकतं ना? मी डगमगलो की तू वरची जागा सोडून माझ्याजवळ येत असशील. हे खरं असेल तर मला ते कळायला हवं होतं. नसेल तरी कळायला हवं होतं. ते सांगू शकणारं एकच माणूस उरलं होतं.

बुधवारी मी बागबाजारला गेलो. घाटाकडे गेलो नाही, मागच्या गल्लीने गेलो. दिदिमोनींना बातमी कळली होती. त्यांनी 'बोर्गी' म्हटलं नाही. पियानोवर कापड टाकलेलं होतं. मी बसल्या बसल्या विचारलं, आता तरी सांगा, घसरत कोण होतं?

त्यांनी पियानोवरच्या कापडाची सुरकुती सारखी केली. मग म्हणाल्या, "सच बोलें? जब तुम लोग गिरता था, तब हमको एक ही आदमी सुनाई देता था. कौन किसके पास गया, हम नहीं जानता."

"मग तुम्ही म्हणालात की सांगेन म्हणून..."

"ना बोलने से तुम लोग आता था क्या?"

त्यांच्यावर रागवायला मला जमलं नाही. मला वाटलं होतं, उत्तर काहीही असो, मिळालं की मी निदान एका जागी बसेन. आता ते कुणाकडेच नाही. ज्या क्षणी चूक होत होती त्याच क्षणी आपण ओळखू येत नव्हतो, आणि आता तू परत येऊन सांगणार नाहीस. आपलं भांडण असंच राहणार. मी एकटा दोन्ही बाजूंनी भांडायचा प्रयत्न करून बघितला, तर दोन्ही बाजू माझ्यासारख्याच बोलतात.

दिदिमोनींनी पियानोवरचं कापड काढलं. "आबार?" त्या म्हणाल्या. नेहमी त्या हुकूम सोडायच्या, त्या दिवशी विचारलं.

काय उपयोग, असं मी म्हणणार होतो. एकट्याने ते गाणं होत नाही हे मला तुझ्या स्वयंपाकघरात कळलेलं आहे. दुसरा कुणी मिळणार नाही आणि मिळाला तरी मला तो नको. पण नाही म्हणून तरी मी कुठे जाणार होतो? डावीकडच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. त्सू म्हणायचं काम तुझं होतं, त्यामुळे ते राहून गेलं. गाद्यांच्या ढिगाशेजारी नेहमीसारखा उभा राहिलो. बाहेरून सुरुवातीचा सूर आला. अकराव्यात तुझा आवाज जरा आधी सुरू होतो, तेवढा वेळ मी थांबलो. मग माझी ओळ घेतली.

कुठेही घसरलो नाही. त्या लांब ओळीलाही जागचा हललो नाही, तू सांगितलं होतंस तसा. शेवटचा सूर दिदिमोनींनी शिकवला तेवढा लांबवला आणि सोडला. मग उभा राहिलो. रस्त्यावरून कुणीतरी मासे विकत जात होतं. आउफ् कुणी म्हणालं नाही.

शेवटी दार मीच उघडलं. दिदिमोनी हात मांडीत घेऊन पियानोपुढे बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे तुझ्या खोलीचं दारही त्यांनी नीट लावून घेतलेलं होतं. ते उघडायला आम्हा दोघांपैकी कुणीच पुढे झालं नाही.